कारखाना दुसऱ्याच्या हाती गेला, तर कामगाराच्या जुन्या नोकरीचं काय?



गेल्या महिन्यात गटवार सभा झाल्या. शेजारचा बंद पडलेला सहकारी कारखाना आपण भाडेतत्त्वावर चालवायला घ्यावा की नाही, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. उसाची उपलब्धता, भाड्याची रक्कम, बॉयलर आणि मिलची दुरुस्ती यांवर गटसभांत भरपूर बोललं गेलं. पण जवळजवळ प्रत्येक गटात एक प्रश्न फिरून फिरून आला. कुणी विचारलं, "कारखाना घ्यायचा म्हणजे तिथले कामगारही घ्यायचे का? आणि घेतले, तर उद्या जादा झाले म्हणून कमी करताना त्यांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीचा बोजा आपल्या उसाच्या बिलावर बसणार का?" ज्यांचा मुलगा किंवा भाऊ त्या कारखान्यात होता, त्यांनी उलटं विचारलं, "नव्या व्यवस्थापनाने घेतलं आणि दोन हंगामांनी घरी बसवलं, तर आधीची सगळी वर्षं पाण्यात गेली का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोघांचं उत्तर एकाच कायद्यात आहे आणि ते सभासदांनी मतदानाआधी समजून घ्यावं, म्हणून या अंकाची ही पानं त्यासाठी ठेवली आहेत. ठरावाच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करण्याचा यात हेतू नाही.

कायदा बार्शीच्या गाडीवरून आला

हा कायदा दिल्लीत झाला, पण त्याचं निमित्त आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं आहे. लातूर-बार्शी-कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज अशी धावणारी बार्शी लाईट रेल्वे आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. ही अरुंद रुळांची गाडी एका खाजगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली. त्याआधी कंपनीने सर्व कामगारांना नोटीस दिली की ३१ डिसेंबर १९५३ पासून तुमची नोकरी संपली. बहुतेकांना सरकारी रेल्वेने कामावर घेतलं. पण कामगारांचं म्हणणं होतं की कंपनीने आम्हाला कमी केलं आहे, तेव्हा कपातीची नुकसानभरपाई कंपनीने द्यावी.

औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. कामगार कपातीची भरपाई देण्याचं कलम त्यात १९५३ साली घातलं गेलं होतं. बार्शी लाईटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं की 'कपात' म्हणजे चालू धंद्यात जादा झालेले कामगार कमी करणं. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्या मालकाकडे गेला, तर ती कपात नव्हे. म्हणून भरपाई नाही.

या निकालाने देशभरातल्या कामगारांत खळबळ झाली. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, सरकारने आधी वटहुकूम काढला आणि मग कायदा दुरुस्त केला. उद्योग दुसऱ्याकडे गेला तर काय, यासाठी कलम २५-एफएफ आणि उद्योग बंद झाला तर काय, यासाठी कलम २५-एफएफएफ अशी व्यवस्था झाली. ती लागू केली ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून.

आता तो १९४७ चा कायदा मागे पडला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली. हस्तांतराचं जुनं २५-एफएफ या संहितेत कलम ७३ म्हणून आलं आहे. नंबर बदलला, पण गाभा तोच राहिला. त्यामुळे जुन्या कलमावर दिलेले न्यायालयाचे निकाल आजही वाट दाखवायला उपयोगी पडतात.

कायदा नेमकं काय म्हणतो?

सोप्या भाषेत सांगायचं तर असं. एखाद्या आस्थापनेची मालकी किंवा व्यवस्थापन, कराराने किंवा कायद्याच्या बळावर, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलं, तर ज्या कामगाराची हस्तांतरापूर्वी किमान एक वर्ष सलग नोकरी झाली आहे, त्याला कपात झाल्याप्रमाणे नोटीस आणि भरपाई मिळाली पाहिजे.

यातला 'किंवा व्यवस्थापन' हा शब्द आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पुष्कळांना वाटतं, भाड्याने घेतलं म्हणजे मालकी बदलली नाही, मग कायद्याचा काय संबंध? पण भाडेकरारात मालकी जुन्या संस्थेकडे राहिली, तरी कारखाना चालवणारा हात बदलतो. तेवढ्यानेही हे कलम लागू होऊ शकतं.

नोटीस म्हणजे एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचा पगार. भरपाई म्हणजे सलग नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटी सहा महिन्यांपेक्षा जास्त महिने उरले, तर तेही एक वर्ष धरायचं.

ही भरपाई कुणी द्यायची? जुन्या मालकाने, म्हणजे हस्तांतरापूर्वी ज्याच्याकडे कामगार नोकरीला होता त्याने. ही गोष्ट गटसभांत बऱ्याच जणांना उलटी वाटत होती, म्हणून ठळकपणे सांगतो.

तीन अटी पूर्ण झाल्या तर भरपाई द्यावी लागत नाही

याच कलमाला एक अपवाद आहे आणि आपल्या ठरावाचं सगळं मर्म त्या अपवादात आहे. खालच्या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तर हस्तांतराच्या वेळी कामगाराला भरपाई मागता येत नाही.

पहिली अट : हस्तांतरामुळे कामगाराच्या नोकरीत खंड पडलेला नसावा.

दुसरी अट : नव्या मालकाकडे त्याच्या नोकरीच्या शर्ती आधीपेक्षा कमी प्रतीच्या नसाव्यात. पगार, श्रेणी, रजा, भत्ते यांत घट नसावी.

तिसरी अट : पुढे नव्या मालकाने त्याला कमी केलं, तर त्याची नोकरी जुन्या मालकाकडच्या दिवसापासून सलग धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने कराराने किंवा अन्य रीतीने कायदेशीरपणे स्वीकारलेली असावी.

तिन्ही अटी एकत्र लागतात. दोन पाळल्या आणि तिसरी राहिली, तर अपवाद लागू होत नाही आणि भरपाईचा हक्क हस्तांतराच्या दिवशीच उभा राहतो.

आता गटसभेतल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. तीन अटींवर कामगार घेतला असेल, तर दोन हंगामांनंतर घरी बसवताना त्याची आधीची वर्षं पाण्यात जात नाहीत. ती नव्या मालकाच्या हिशेबात येतात. पहिल्या प्रश्नाचंही उत्तर त्यातच आहे. जुनी नोकरी आपल्या डोक्यावर येते ती आपण ती कराराने स्वीकारली तर. स्वीकारली नाही, तर ती जुन्या संस्थेच्या डोक्यावर राहते आणि त्या संस्थेने ती त्याच वेळी फेडली पाहिजे.

ऊस उत्पादकांच्याच संस्थेचा खटला

नवा मालक सगळे कामगार घ्यायला बांधलेला असतो का, हा प्रश्नही विचारला गेला. यावरचा गाजलेला निकाल योगायोगाने साखर कारखान्याचाच आहे आणि त्यात घेणारी संस्था सहकारी होती. आंध्रातील अनकापल्ली येथील सहकारी संस्थेने एका खाजगी कंपनीचा साखर कारखाना विकत घेतला. कंपनीने कामगारांना भरपाई दिली होती. संस्थेने काही कामगार घेतले, काही घेतले नाहीत. ज्यांना घेतलं नाही त्यांनी मागणी केली की कारखाना तोच, यंत्रं तीच, ऊसही त्याच भागातला, तेव्हा आम्हालाही कामावर घ्या.

१९६२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे. त्यांनी सांगितलं की हस्तांतराच्या वेळी कायद्याने कामगाराला भरपाईचा हक्क दिला आहे आणि तो जुन्या मालकाविरुद्ध आहे. भरपाईही घ्यायची आणि त्याच वेळी नव्या मालकाकडे नोकरीही हक्काने मागायची, असा दुहेरी लाभ कायद्यात बसत नाही.

म्हणजे कायदा असा आहे : एकतर नोकरी सलग चालू राहते आणि जुनी वर्षं तिच्याबरोबर पुढे जातात, नाहीतर नोकरी तुटते आणि जुन्या मालकाकडून जुन्या वर्षांची भरपाई मिळते. ना नोकरी, ना भरपाई अशी तिसरी वाट कायद्याने ठेवलेली नाही. व्यवहारात मात्र भांडणं नेमकी तिथेच होतात.

कामगाराच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. कामगाराला त्याच्या संमतीशिवाय नव्या मालकाकडे काम करायला भाग पाडता येत नाही. कलकत्त्याकडील एका कारखान्याच्या हस्तांतराबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केलं. विक्री थांबवण्याचा हक्क कामगाराला नाही, पण नव्याकडे जायचं नसेल तर कायद्याप्रमाणे भरपाई घेऊन मोकळं होण्याचा हक्क त्याला आहे. त्यामुळे प्रत्येक कामगाराची लेखी संमती घेणं दोन्ही संस्थांच्या हिताचं आहे.

हिशेब करून पाहू

नुसत्या कलमांनी चित्र उभं राहत नाही. एक उदाहरण घेऊ. नाव नको, समजा पॅन विभागातला एक कायम कामगार आहे. तो १ जून २००२ रोजी जुन्या कारखान्यात लागला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी कारखाना दुसऱ्याने चालवायला घेतला. २८ फेब्रुवारी २०२६ रोजी नव्या व्यवस्थापनाने त्याला जादा ठरवून कमी केलं. त्या वेळी त्याचा सरासरी मासिक पगार २४,००० रुपये आहे. १५ दिवसांचे १२,००० रुपये झाले.

तिन्ही अटींवर घेतलं असेल तर नोकरी २००२ पासून मोजायची. ती २३ वर्षं ९ महिने भरते. वरचे महिने सहापेक्षा जास्त आहेत, म्हणून २४ वर्षं. भरपाई २४ गुणिले १२,००० म्हणजे २,८८,००० रुपये.

नोकरी तोडून, नवी ऑर्डर देऊन घेतलं असेल तर नव्या मालकाकडची नोकरी ९ वर्षं ५ महिने. वरचे पाच महिने सुटले, म्हणून ९ वर्षं. भरपाई १,०८,००० रुपये. जुन्या १४ वर्षांची भरपाई जुन्या मालकाने २०१६ सालीच, त्या वेळच्या पगारावर द्यायला हवी होती. तेव्हाचा पगार समजा ११,००० रुपये होता, तर १५ दिवसांचे ५,५०० आणि १४ वर्षांचे ७७,००० रुपये.

म्हणजे फरक कुठे पडतो बघा. नवा मालक जुनी वर्षं स्वीकारतो, तेव्हा त्या वर्षांचा हिशेब आजच्या पगाराने होतो. आपल्या उदाहरणात नव्या मालकावरचा बोजा १,८०,००० रुपयांनी वाढतो. अशा शंभर कामगारांचा विचार केला तर रक्कम एक कोटी ऐंशी लाखांवर जाते. भाड्याची रक्कम ठरवताना ही जबाबदारी धरायलाच हवी. उलट बाजूने, जुन्या संस्थेने ७७,००० रुपयेही दिले नाहीत आणि नव्याने जुनी वर्षंही मानली नाहीत, तर त्या कामगाराची चौदा वर्षं कुणाच्याच वहीत नाहीत. आपल्याच गावातला, आपल्याच वजनकाट्यावर किंवा मिलवर उभा राहिलेला माणूस असा अधांतरी राहू नये, एवढी काळजी घेणं सहकारी संस्था म्हणून आपलं काम आहे.

इथे एक खुलासा. ग्रॅच्युइटीचा हिशेब वेगळा असतो. तिथे महिन्याचे दिवस २६ धरून १५ दिवसांचा पगार काढतात. कपातीच्या भरपाईसाठी मासिक पगारदाराचा अर्धा महिना धरायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे. दोन्ही रकमा वेगवेगळ्या आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरी बुडत नाही. शिवाय नव्या संहितेप्रमाणे कमी केलेल्या कामगारासाठी मालकाने १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आहे आणि ती कपातीनंतर ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जायची आहे.

कमी करताना कुणाला आधी?

नव्या व्यवस्थापनाकडे गेल्यावर खरंच कामगार जादा ठरले, तर मनाला येईल त्याला काढता येत नाही. त्या त्या कामाच्या वर्गात शेवटी लागलेला कामगार सामान्यतः आधी कमी करायचा. वेगळं करायचं असेल, तर कारण लेखी नोंदवलं पाहिजे. आता समजा आपल्याकडचा फिटर २०१० चा आणि तिकडून आलेला फिटर २००२ चा आहे. दोघांची एकच सेवाज्येष्ठता यादी केली आणि जुनी नोकरी सलग धरली, तर आधी आपला फिटर कमी होईल. याद्या वेगळ्या ठेवल्या, तर तसं होणार नाही. हा नाजूक विषय आहे. दोन्हीकडच्या कामगार संघटनांशी बोलून तो करारापूर्वी मिटवला नाही, तर पुढे पाच-दहा वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

कमी केल्यापासून एका वर्षाच्या आत पुन्हा भरती करायची झाली, तर कमी केलेल्यांना आधी बोलवावं लागतं. आणि ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या, हंगामी स्वरूपाच्या नसलेल्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. आस्थापना हंगामी आहे की नाही याबद्दल वाद झाला, तर सरकारचा निर्णय अंतिम असतो.

हंगामी कामगारांचं काय?

आपल्या धंद्यात कायम कामगारांइतकेच हंगामी कामगार असतात. गळीत सुरू झालं की येतात, पट्टा पडला की घरी जातात. हंगाम संपल्यावर घरी पाठवणं ही कपात आहे का? पंजाबातील मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं की ती कपात नव्हे, पण कारखान्याने हंगामी कामगारांची नोंदवही ठेवावी आणि पुढचा हंगाम सुरू होताना त्यांना बोलवावं. आपल्याकडच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यातही १९९७ मध्ये हीच दिशा कायम राहिली.

याचा हस्तांतराशी संबंध असा की, हंगामी कामगाराची खरी दौलत म्हणजे त्या नोंदवहीतलं त्याचं नाव. कारखाना हाती घेताना ही वही मिळाली नाही किंवा नवीन वही पहिल्या पानापासून सुरू केली, तर पंधरा हंगाम काम केलेला माणूस आणि काल आलेला माणूस एका रांगेत येतात. म्हणून करारासोबत हंगामी कायम कामगारांची, ज्येष्ठतेसह, दोन्ही संस्थांनी सही केलेली यादी जोडली पाहिजे. बिगर हंगामातला रिटेन्शन भत्ता कुणी आणि कोणत्या दराने द्यायचा, हेही लिहून ठेवावं.

सलग नोकरीचं एक वर्ष मोजताना बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की वर्ष धरतात. त्यात पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि सणाच्या पगारी सुट्ट्याही मोजायच्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल आहे. टाइम ऑफिसचं मस्टर म्हणूनच जपून ठेवावं लागतं.

कारखाना बंदच होता, मग नोकरी कसली?

शेजारचा कारखाना बंद आहे, तेव्हा तिथले कामगार आपोआप सुटले, असं काही सभासदांनी मांडलं. हे तपासून पाहावं लागेल. कारखाना बंद असण्याच्या दोन तऱ्हा असतात.

एक म्हणजे रीतसर बंद. साठ दिवसांची नोटीस देऊन कारखाना बंद केला आणि कामगारांना भरपाई दिली किंवा देणं ठरलं. इथे नोकरी संपलेली असते. नुसता तोटा झाला, साखर पडून राहिली किंवा भाडेकराराची मुदत संपली, या कारणांनी मालकाला भरपाई कमी करता येत नाही. आवाक्याबाहेरचं खरोखरचं अनिवार्य कारण असेल, तरच ती तीन महिन्यांच्या सरासरी पगारापर्यंत मर्यादित होते.

दुसरी तऱ्हा आपल्याकडे जास्त दिसते. कर्ज वाढलं, ऊस आला नाही, बॉयलर पेटला नाही. नोटीस नाही, हिशेब नाही, फाटकाला नुसतं कुलूप. अशा वेळी कामगार कागदोपत्री नोकरीतच असतो. स्वतःच्या चुकीशिवाय काम थांबलं, तर त्याने नोकरी तुटत नाही, असं सलग नोकरीच्या व्याख्येतच म्हटलं आहे. म्हणून हा कारखाना नेमका कोणत्या तऱ्हेने बंद झाला, हे कागदपत्रं पाहूनच ठरवावं लागेल.

भविष्य निर्वाह निधीची थकबाकी

कामगारांच्या देण्यांपैकी एक देणं नव्या चालवणाऱ्याच्या अंगावर थेट येऊ शकतं, ते म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. १९५२ च्या कायद्याच्या कलम १७-ब प्रमाणे कारखाना विकला, बक्षीस दिला, भाड्याने दिला किंवा कसाही हस्तांतरित केला, तर हस्तांतराच्या दिवसापर्यंतच्या थकबाकीला देणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात. घेणाऱ्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत असते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हाच विचार कायम आहे.

ही थकबाकी किती जड असते, हे महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या खटल्यात २००९ साली दिसलं. मराठवाड्यातील साखर कारखान्यांनी बँकेकडे साखर तारण ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तारण असलं, तरी फंडाच्या थकबाकीचा बोजा पहिला. बँकेच्या आधी फंड, मग भाडेकरूची काय कथा? तेव्हा सही करण्यापूर्वी फंड कार्यालयाकडून थकबाकीचा लेखी आकडा घेतलाच पाहिजे.

थकलेली भरपाईसुद्धा सोडून देण्यासारखी नसते. उसाची एफआरपी थकली की साखर आयुक्त आर.आर.सी. काढतात आणि जिल्हाधिकारी ती महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात, हे आपण जाणतो. कामगाराच्या कायदेशीर देण्याचीही वसुली त्याच रस्त्याने होऊ शकते.

ज्या कागदांवर सही करताना जपावं

हस्तांतराच्या वेळी काही ठिकाणी कामगारांकडून एक कागद घेतला जातो. त्यावर 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे' असं लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर मिळते. राजीनामा म्हणजे कपात नव्हे. अशी सही झाली, की जुन्या वर्षांची भरपाई मागणं अवघड होऊन बसतं. दुसरा प्रकार मुदतबंद नोकरीचा. ठरलेल्या मुदतीची ऑर्डर स्वीकारली, तर मुदत संपल्यावर होणारी सुटका नव्या संहितेत कपात धरली जात नाही. तिसरा प्रकार, कालच्या कायम कामगाराला आज कंत्राटदाराच्या मस्टरवर टाकणं.

आपल्या संस्थेने कारखाना घेतला, तर यातला कोणताही कागद आपल्या नावाने कुणासमोर ठेवला जाऊ नये, असं आम्हाला वाटतं. आणि सभासदांच्या घरात कुणी तिथे कामगार असेल, तर त्याने वाचल्याशिवाय सही करू नये. कपातीविरुद्ध वैयक्तिक दाद मागायची तर नव्या संहितेत दोन वर्षांची मुदत आहे, ती जाऊ देऊ नये.

हे सगळं 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय अधिकारी आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारे पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. त्यांचे हक्क त्यांच्या नेमणुकीच्या करारावर अवलंबून असतात.

भाड्याची मुदत संपल्यावर

विक्री आणि भाडं यांत एक मोठा फरक आहे. भाड्याने घेतलेला कारखाना एक दिवस परत जायचा असतो. त्या दिवशी व्यवस्थापन पुन्हा बदलतं आणि तेच तीन प्रश्न पुन्हा उभे राहतात. जुनी संस्था कामगारांना सलग नोकरीवर परत घेणार का? शर्ती त्याच राहणार का? आपल्याकडच्या वर्षांची जबाबदारी ती घेणार का? हे आजच लिहून ठेवलं नाही, तर परत करण्याच्या दिवशी आपल्याकडे काम केलेल्या वर्षांचीच नव्हे, तर स्वीकारलेल्या जुन्या वर्षांचीही भरपाई आपल्याला मोजावी लागू शकते. मग ती आपल्या उसाच्या शेवटच्या हप्त्यातून जाणार, हे वेगळं सांगायला नको.

सभेत सभासदांनी काय विचारावं?

कराराचा मसुदा सभेपूर्वी कारखाना कार्यालयात पाहायला ठेवावा, अशी मागणी सभासद करू शकतात. मसुदा हातात आला, की पुढच्या गोष्टी शोधाव्यात.

१) घ्यायच्या कामगारांची नावं, नोकरीला लागल्याची तारीख, वर्ग आणि पगार यांची यादी जोडली आहे का? कायम आणि हंगामी वेगळे दाखवले आहेत का?

२) जुनी नोकरी सलग धरणार की जुनी संस्था भरपाई देऊन हिशेब मिटवणार, हे स्पष्ट लिहिलं आहे का? 'नियमाप्रमाणे' एवढ्या शब्दावर भागवलेलं नाही ना?

३) सलग धरणार असू, तर आजच्या तारखेला ती जबाबदारी किती रुपयांची होते, याचा आकडा लेखापालांनी काढला आहे का? आणि तो भाड्यातून वजा धरला आहे का?

४) जुनी संस्था भरपाई देणार असेल, तर पैसे कुठून येणार? भाड्याच्या पहिल्या हप्त्यातून कामगारांच्या खात्यात थेट भरायची तरतूद आहे का?

५) फंडाची, ग्रॅच्युइटीची आणि थकीत पगाराची रक्कम वेगवेगळी दाखवली आहे का?

६) ज्येष्ठतेची यादी एक की दोन? दोन्हीकडच्या संघटनांच्या सह्या आहेत का?

७) मुदत संपल्यावर कामगार कुणाकडे आणि कोणत्या शर्तींवर जाणार?

या सात प्रश्नांची उत्तरं कागदावर असतील, तर ठराव मंजूर करा वा नामंजूर करा, डोळे उघडे ठेवून मत दिल्यासारखं होईल. उत्तरं नसतील, तर ती मिळेपर्यंत विषय पुढे ढकलण्याचा अधिकार सभेला आहे. कारखान्याचं गाळप आपल्या उसावर चालतं, तसं ते त्या कामगारांच्या हातांवरही चालतं. दोघांचा हिशेब एकाच वहीत नीट लिहिलेला असावा, एवढीच अपेक्षा.

सभेची तारीख आणि वेळ याच अंकाच्या शेवटच्या पानावर दिली आहे. सर्व सभासदांनी अगत्याने हजर राहावं, ही विनंती.

कळावे,
संपादक मंडळ